सर्व्हरचे फर्मवेअर, सिक्युअर बूट आणि स्टोरेज : कोणते काम आधी, कोणते नंतर

पतसंस्था, हायस्कूल, देवस्थानाचे कार्यालय किंवा औद्योगिक वसाहतीतला लहान कारखाना, गोव्यात अशा ठिकाणी नवा सर्व्हर येतो तेव्हा त्याची मांडणी बहुधा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली जाते, मग हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू होते, आणि काही महिन्यांनी लेखापरीक्षकाने विचारले म्हणून कोणीतरी बायोसमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या मूळ मांडणीच्या पानांत) शिरून सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सहीचेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी तपासणी, चालू करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर असतो आणि काउंटरसमोर रांग लागलेली असते. सर्व्हर सुरू न होणे, विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीने अचानक किल्ली मागणे आणि रेडमधली (अनेक डिस्कांच्या एकत्रित गटातली) एक डिस्क केव्हाच गेलेली असूनही कोणाला पत्ता नसणे, या तीन तक्रारी मला पुन्हा पुन्हा ऐकाव्या लागतात आणि तिन्हींचे मूळ बहुतेक वेळा चुकलेल्या क्रमातच सापडते. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. चालू सर्व्हरवर काम करायचे असेल तर पाचव्या टप्प्यातला रेड नव्याने बांधण्याचा भाग आणि सातव्या टप्प्यातली डिस्क ओढण्याची चाचणी वगळावी, बाकीचे सर्व लागू आहे.

१. यंत्राला हात लावण्यापूर्वी

एक वही घ्यावी. संगणकात ठेवलेली फाईल या कामी उपयोगाची नाही, कारण ती लागेल तेव्हा संगणकच बंद असेल. वहीत सर्व्हरचे मॉडेल, सेवा क्रमांक, बायोस, बीएमसी (त्याची ओळख दुसऱ्या टप्प्यात आहे) आणि रेड कंट्रोलर (डिस्कांचा गट सांभाळणारे कार्ड) यांच्या फर्मवेअरच्या, म्हणजे त्या भागांतच भरलेल्या सॉफ्टवेअरच्या, सध्याच्या आवृत्त्या, आणि कोणत्या खणात कोणत्या अनुक्रमांकाची डिस्क आहे याचा तक्ता लिहावा. बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढावा. डेल, एचपीई आणि लेनोव्हो या तिन्हींच्या सर्व्हरमध्ये मांडणी फाईलरूपाने बाहेर काढण्याची सोय आहे, ती वापरावीच. तरीही फोटो काढावेत, कारण घाईच्या वेळी फाईल उघडण्यापेक्षा फोटो पाहणे सोपे जाते.

बॅकअप घेतला आहे एवढ्यावर समाधान मानू नये. त्यातली निदान एक फाईल दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहावी.

डिस्क कूटबद्ध असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर छापून कपाटात ठेवावी. फोंडा तालुक्यातल्या एका कार्यालयात ही किल्ली व्यवस्थित जतन केलेली होती, फक्त ती त्याच सर्व्हरच्या त्याच कूटबद्ध डिस्कवर होती. त्या दिवशी किल्ली विचारून न घेता फर्मवेअर बदलणारा मीच होतो, त्यामुळे पुढचे दोन दिवस जुन्या बॅकअपवरून नोंदी उभ्या करण्यात गेले ते माझेही गेले.

दिवस निवडताना चवथीची लांब सुट्टी सोयीची वाटते, पण त्या दिवसांत दुकाने बंद, कुरिअर बंद आणि विक्रेत्याचा तंत्रज्ञ आपल्या गावी असतो, तेव्हा एखादा भाग बिघडला तर आठवडा जातो. साध्या आठवड्यातली शनिवारची दुपार त्यापेक्षा बरी.

विजेचा विचार ऋतू पाहून करावा लागतो. मे अखेरच्या वळिवापासून पावसाळा संपेपर्यंत, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात, सत्तरी-डिचोलीकडे काय किंवा शहरात काय, वीज केव्हा जाईल हे सांगता येत नाही. फर्मवेअर लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. यूपीएसवरचा हिरवा दिवा म्हणजे बॅटरी चांगली असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. सर्व्हर बंद ठेवून यूपीएसला तेवढाच दुसरा भार जोडावा, मुख्य पुरवठा काढावा आणि तो किती मिनिटे टिकतो हे घड्याळ लावून मोजावे. अर्ध्या तासाच्या आत मान टाकणाऱ्या यूपीएसवर हे काम सुरू करू नये.

जुना सर्व्हर असेल तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्यासारखी बॅटरीही बदलून घ्यावी. ती संपली की सर्व्हरचा वीजपुरवठा तुटताच घड्याळ मागे जाते, आणि घड्याळ चुकले की प्रमाणपत्रांची तपासणीही चुकते. मिरामार, वास्को अशा समुद्राजवळच्या भागांत खाऱ्या दमट हवेने धातूच्या जोडांवर थर चढतो, म्हणून झाकण उघडलेच आहे तर जोडण्याही डोळ्यांखालून घालाव्यात.

२. बीएमसी : बाहेरून हाताळण्याचे दार

सर्व्हरमध्ये मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र असा एक छोटा संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. डेल त्याला आयडीरॅक म्हणते, एचपीई आयएलओ आणि लेनोव्हो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सर्व्हर बंद असला तरी, केबल जोडलेली असेपर्यंत, तो जागा असतो. पुढचे सगळे काम त्याच्या पडद्यावरून करता येते, म्हणून तो प्रथम नीट करून घ्यावा.

क्रम असा ठेवावा : स्वतंत्र नेटवर्क पोर्ट जोडावा, स्थिर आयपी पत्ता द्यावा, कारखान्यातला पासवर्ड बदलावा, वेळेचा सर्व्हर जोडावा, आणि मग इशाऱ्यांसाठी ईमेल भरावा. डेलच्या जुन्या यंत्रांवर ‘रूट’ हे नाव आणि ‘कॅल्विन’ हा पासवर्ड असे, आणि तो सर्व जगाला ठाऊक आहे. नव्या यंत्रांवर प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड सर्व्हरच्या ओढून काढायच्या पट्टीवर छापलेला असतो. ती पट्टी हरवण्याआधी वहीत नोंद करावी.

नेटवर्कवरून आयपीएमआय (सर्व्हर दुरून हाताळण्याची जुनी पद्धत) वापरण्याची सोय सहसा लागत नाही, ती बंद ठेवावी.

सावधान : घरून पाहता यावे म्हणून राउटरमधून बीएमसीचा पत्ता थेट इंटरनेटवर उघडू नये. ज्याच्या हाती बीएमसी लागला त्याला सर्व्हरसमोर बसल्यासारखेच सारे करता येते. बाहेरून जायचेच असेल तर व्हीपीएनमधून जावे.

पडताळणी : चाचणी ईमेल पाठवावा आणि तो प्रत्यक्ष कोणाच्या मोबाईलवर वाजतो ते पाहावे. पूर्वीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर इशारे जात असलेली उदाहरणे मी एकापेक्षा जास्त पाहिली आहेत.

३. फर्मवेअर अद्ययावत करणे

उत्पादकाच्या संकेतस्थळावर सेवा क्रमांक घालून त्याच मॉडेलच्या फाईली घ्याव्यात आणि सोबतचे टिपण वाचावे. फार जुन्या आवृत्तीवरून थेट सर्वांत नव्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एखादी पायरी घ्यावी लागते, असे त्या टिपणात लिहिलेले असेल तर ते पाळावे. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तेव्हा आधी बीएमसी, मग बायोस, मग रेड कंट्रोलर, त्यानंतर डिस्का आणि शेवटी नेटवर्क कार्ड असा क्रम धरावा. एका वेळी एकच भाग घ्यावा आणि प्रत्येकानंतर सर्व्हर नीट सुरू होतो का हे पाहावे. पाचही फाईली एकदम रांगेत टाकल्या आणि काही अडले, तर दोष कोणाचा हे शोधण्यात रात्र जाते.

डिस्कांचे फर्मवेअर बहुतेक जण सोडून देतात. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेली सूचना त्यासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे : एसएएस जोडणीच्या काही विशिष्ट एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, बंद पडत होत्या, आणि त्यानंतर ना डिस्क परत मिळे ना तिच्यावरची माहिती. उपाय फक्त वेळेआधी नवे फर्मवेअर टाकणे हा होता. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच सुमारास संपणार असतील तर रेड कितीही उत्तम असले तरी ते कामाला येत नाही.

सावधान : बिटलॉकर चालू असेल तर बायोस किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी चिप) यांच्या फर्मवेअरला हात लावण्यापूर्वी त्याचे संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. स्थगित करणे म्हणजे डिस्क उलगडून साधी करणे नव्हे. ते क्षणात होते. काम झाल्यावर ते पुन्हा चालू झाले का हे मात्र स्वतः पाहावे.

टक्केवारी बराच वेळ एकाच आकड्यावर थांबली म्हणून वीज बंद करू नये. बीएमसी अद्ययावत होताना त्याचे पान काही मिनिटे दिसेनासे होते, पंखे जोरात फिरतात, हे अपेक्षितच असते.

४. बायोसमधील मोजक्या नोंदी

डेलमध्ये सुरुवातीला एफ २, एचपीईमध्ये एफ ९ आणि लेनोव्होमध्ये एफ १ दाबून आत जाता येते. सर्वांत महत्त्वाची निवड बूट पद्धतीची आहे. ती यूईएफआय ही नवी पद्धत असावी, जुनी लेगसी पद्धत नसावी. लेगसीतली डिस्कची जुनी विभागणी सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढे पोहोचत नाही, आणि सिक्युअर बूट तर यूईएफआयशिवाय चालूच होत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम लेगसीत टाकल्यानंतर ही निवड बदलली की सर्व्हर उठत नाही. पहिल्या परिच्छेदातल्या त्या सकाळचे कारण बहुधा हेच असते. अशा वेळी घाबरून पुन्हा सिस्टीम टाकू नये. निवड होती तशी परत करावी, सर्व्हर उठतो, आणि मग बदलाचा विचार निवांतपणे करता येतो.

व्हर्च्युअल मशीन चालवायच्या असतील तर प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू असावी. बूट क्रमात फक्त सिस्टीमची डिस्क ठेवावी, नेटवर्क आणि यूएसबी काढून टाकावेत, आणि बायोसला पासवर्ड द्यावा.

वीज परत आल्यावर सर्व्हरने काय करावे, या नोंदीवर मात्र थांबून विचार करावा लागतो, कारण आपल्याकडे ती रोजच्या उपयोगाची आहे. ‘पूर्वीची स्थिती’ हा पर्याय शहाणपणाचा वाटतो. पण यूपीएसच्या सॉफ्टवेअरने सर्व्हर व्यवस्थित बंद केला असेल, तर त्याची पूर्वीची स्थिती ‘बंद’ हीच ठरते आणि वीज आल्यावर तो तसाच बंद राहतो. ‘नेहमी चालू’ निवडले तरी एक गोम उरते : यूपीएसने आपला बाहेरचा पुरवठा कधी तोडलाच नाही, तर वीज गेली होती हे सर्व्हरला कळत नाही आणि तो उठत नाही. म्हणून सर्व्हर बंद झाल्यावर काही मिनिटांनी यूपीएसने आपला पुरवठाही तोडावा अशी नोंद यूपीएसमध्ये करावी, आणि बायोसमध्ये ‘नेहमी चालू’ निवडून सुरू होण्यास विलंब द्यावा, म्हणजे तासाला चारदा ये-जा करणाऱ्या विजेबरोबर सर्व्हरही ये-जा करणार नाही.

५. स्टोरेज : रेड बांधणे

प्रथम कंट्रोलरची पद्धत ठरवावी. विंडोज सर्व्हर किंवा साधे लिनक्स असेल तर रेड पद्धत. झेडएफएस किंवा विंडोजचे स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट (डिस्कांचा गट सॉफ्टवेअरमधूनच सांभाळणाऱ्या पद्धती) वापरायचे असेल तर एचबीए पद्धत, ज्यात डिस्का थेट ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतात. रेड कंट्रोलरवर रेड बांधून त्याच्यावर पुन्हा झेडएफएस चढवण्याचा प्रकार टाळावा, कारण मग कोणती डिस्क आजारी आहे हे झेडएफएसला दिसत नाही. माहिती भरल्यावर पद्धत बदलली तर ती माहिती गेली असे समजावे.

सिस्टीमसाठी दोन लहान एसएसडींचा रेड १ (दोन्हींवर तीच माहिती) वेगळा ठेवावा आणि माहितीसाठी दुसरा गट करावा. माहितीच्या गटासाठी अजूनही अनेक विक्रेते रेड ५ बांधून देतात, कारण त्यात कमी डिस्कांत जास्त जागा मिळते. हिशेब करून पाहावा. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांच्या रेड ५ मधली एक गेली, तर नवी भरण्यासाठी उरलेल्या तीन डिस्कांवरचे १२ टेराबाइट एकही चूक न होता वाचावे लागतात. साध्या वर्गातल्या डिस्कांसाठी उत्पादक जो वाचन-दोषाचा दर लिहितात, तो १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक असतो. प्रत्यक्षात डिस्का त्याहून बऱ्या वागतात, तरीही मोठ्या डिस्कांवर मी रेड ५ बांधत नाही. चार डिस्का असतील तर रेड ६ आणि रेड १० या दोहोंत जागा सारखीच मिळते. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्का गेल्या तरी चालते. रेड १० मध्ये डिस्कांच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्हींवर तीच माहिती असते; ते लिहिण्यात आणि भरून निघण्यात वेगवान असते, पण जोडीतल्या दोन्ही गेल्या तर सगळे संपते. कागदपत्रे आणि स्कॅन यांसाठी रेड ६, दिवसभर नोंदी होणाऱ्या डेटाबेससाठी रेड १० असे मी सुचवीन.

(चार डिस्कांचा रेड ६ बांधल्यावर ८ ऐवजी सुमारे ७.२८ दिसले तर विक्रेत्याशी भांडू नये. डिस्कचा उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या.)

स्ट्राइपचा (माहिती डिस्कांवर विभागतानाच्या तुकड्याचा) आकार कंट्रोलरने सुचवलेलाच ठेवावा. कॅशच्या (कंट्रोलरच्या तात्पुरत्या मेमरीच्या) निवडीत मात्र चूक महागात पडते. राइट-बॅक म्हणजे माहिती डिस्कवर पोहोचण्यापूर्वीच कंट्रोलर ‘लिहिली’ असे कळवतो. कंट्रोलरला बॅटरी किंवा फ्लॅशचे पाठबळ असेल आणि ते तंदुरुस्त असेल तर हे सुरक्षित आहे. बॅटरी नसतानाही राइट-बॅक सक्तीने चालू ठेवणारा एक पर्याय काही कंट्रोलरमध्ये असतो. वेग वाढतो म्हणून तो कोणी चालू केला असेल तर बंद करावा, कारण वीज गेली की कॅशमधल्या नोंदी तिच्याबरोबर जातात. त्याच कारणाने डिस्कांची स्वतःची कॅशही बंद ठेवावी. सर्व्हर अचानक मंदावला तर आधी या बॅटरीची स्थिती पाहावी : ती संपली की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर, म्हणजे डिस्कवर पोहोचल्यावरच ‘लिहिली’ असे कळवण्याच्या संथ पद्धतीवर, येतो.

नवा गट बांधल्यावर झटपट इनिशियलायझेशनवर न थांबता पूर्ण इनिशियलायझेशन चालवावे. काही तास लागतात, पण दुबळी डिस्क तेव्हाच उघडी पडते. खण मोकळा असेल तर एक डिस्क हॉट स्पेअर म्हणून द्यावी, म्हणजे रविवारी रात्री गेलेल्या डिस्कची जागा सोमवारची वाट न पाहता भरून निघू लागते.

सावधान : डिस्का दुसऱ्या सर्व्हरमधून आणल्या किंवा सैल झाल्या की कंट्रोलर ‘फॉरिन कॉन्फिगरेशन’ असल्याचे सांगतो आणि इम्पोर्ट व क्लिअर असे दोन पर्याय देतो. क्लिअर केल्यास रेडची रचना पुसली जाते. ‘फॉरिन’ म्हणजे परका, नको असलेला असा अर्थ घेऊन क्लिअर दाबणारे भेटतात. आधी डिस्कांचे अनुक्रमांक वहीशी ताडून पाहावेत, मग इम्पोर्ट करावे. एकच डिस्क बऱ्याच दिवसांपूर्वी गटातून बाहेर पडलेली असेल तर तिच्यावर शिळी माहिती असते, तिला जबरदस्तीने ऑनलाइन करू नये.

६. सिक्युअर बूट आणि त्याच्या किल्ल्या

यूईएफआय झाले, डिस्का झाल्या, आता ऑपरेटिंग सिस्टीम टाकण्यापूर्वी सिक्युअर बूट चालू करावे, म्हणजे इन्स्टॉलरही त्याच चाळणीतून जातो आणि न चालणारा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी कळतो. फर्मवेअरमध्ये चार गोष्टी असतात : मालकीची पीके ही किल्ली, बदलांना परवानगी देणारी केईके, मान्य सह्यांची डीबी ही यादी आणि रद्द केलेल्या सह्यांची डीबीएक्स ही यादी. कारखान्यातून आलेल्या किल्ल्या तशाच ठेवाव्यात. पीके पुसली की यंत्र सेटअप पद्धतीत जाते आणि तपासणी थांबते, मेनूत सिक्युअर बूट हा शब्द दिसत असला तरीही. हात लागून किल्ल्या गेल्याच असतील तर कारखान्यातल्या किल्ल्या परत आणण्याचा पर्याय त्याच पानावर असतो.

जास्त सुरक्षितता म्हणून डीबीमधून मायक्रोसॉफ्टचे इतर उत्पादकांसाठीचे प्रमाणपत्र काढू नये. रेड आणि नेटवर्क कार्डांचे अंगभूत सॉफ्टवेअर पुष्कळदा त्याच सहीवर चालते, आणि लिनक्सचा शिम हा पहिला लोडरही.

मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांची मुदत ठरलेली आहे : केईके आणि इतर उत्पादकांसाठीचे प्रमाणपत्र जून २०२६ मध्ये, तर विंडोजच्या बूट लोडरचे ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे आली आहेत. मुदत संपली म्हणून सर्व्हर त्या दिवशी बंद पडत नाही. पण बूटच्या भागांसाठीच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला घेता येत नाहीत. सर्व्हरवर ही नवी प्रमाणपत्रे आपोआप येतील असे गृहीत धरू नये. तिसऱ्या टप्प्यात टाकलेल्या बायोसमध्ये ती आहेत का हे उत्पादकाच्या टिपणात पाहावे, आणि नंतर किल्ल्यांच्या पानावर २०२३ हा आकडा प्रत्यक्ष शोधावा.

लिनक्सवर बाहेरून बांधलेला ड्रायव्हर लागत असेल तर त्यावर सही करून आपली किल्ली एमओके (मालकाने स्वतः मान्य केलेल्या किल्ल्यांच्या) यादीत नोंदवावी लागते. ही नोंद पुढच्या बूटच्या वेळी एका निळ्या पडद्यावर पक्की करायची असते आणि तो पडदा सुमारे १० सेकंदच थांबतो. तेव्हा बीएमसीचा दूरस्थ पडदा आधीच उघडून बसावे.

पडताळणी : विंडोजच्या ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये बायोस पद्धत यूईएफआय आणि सिक्युअर बूटची स्थिती ‘ऑन’ दिसली पाहिजे. बायोसमधला टिकमार्क हा पुरावा नव्हे.

डिस्क कूटबद्ध करायची असेल तर ती आता, सर्वांत शेवटी करावी. बिटलॉकर आपली किल्ली टीपीएममध्ये सिक्युअर बूटच्या स्थितीशी बांधून ठेवतो, त्यामुळे नंतर ती स्थिती बदलली की तो ४८ अंक मागतो. मदरबोर्ड बदलला तरी मागतो. बायोसमधला टीपीएम ‘क्लिअर’ हा पर्याय सहज म्हणून दाबू नये.

७. देखरेखीची साधने आणि दोन चाचण्या

रेड कंट्रोलरचे व्यवस्थापन-सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीममध्येही बसवावे, म्हणजे सर्व्हर बंद न करता डिस्कांची स्थिती पाहता येते. पॅट्रोल रीड (डिस्का वाचून दोष शोधत राहणे) चालू ठेवावे आणि महिन्यातून एकदा कन्सिस्टन्सी चेक (गटातल्या डिस्कांवरची माहिती एकमेकींशी जुळते का याची तपासणी) लावावा, पण तो हिशेबाच्या बॅकअपच्या वेळेवर येऊ देऊ नये.

माहिती भरण्यापूर्वी पहिली चाचणी करावी. सॉफ्टवेअरमधून एका डिस्कचा दिवा लुकलुकवावा, वहीतल्या तक्त्याशी खण ताडावा आणि ती डिस्क बाहेर ओढावी. इशारा मोबाईलवर यायला किती वेळ लागला आणि डिस्क परत घातल्यावर गट भरून निघायला किती तास लागले, हे दोन्ही लिहून ठेवावे. खरी डिस्क जाईल त्या दिवशी ‘अजून किती वेळ’ असे सचिव विचारतील, तेव्हा हाच आकडा सांगता येतो. दिवा न लुकलुकवता नुसत्या अंदाजाने डिस्क ओढणे हा मी पाहिलेल्या सर्वनाशांचा सर्वांत सोपा मार्ग आहे : आजारी डिस्कच्या शेजारची चांगली डिस्क बाहेर येते आणि रेड ५ तिथेच कोसळते.

दुसरी चाचणी विजेची. सर्वांना बाहेर काढून यूपीएसचा भिंतीतला प्लग काढावा आणि हात बांधून बसावे. सर्व्हर व्यवस्थित बंद झाला पाहिजे, त्यानंतर यूपीएसने पुरवठा तोडला पाहिजे, आणि प्लग परत लावल्यावर ठरलेल्या विलंबाने सर्व्हर उठून रेड, सिक्युअर बूट आणि बिटलॉकर तिन्ही जसेच्या तसे दिसले पाहिजेत. ही चाचणी दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा करावी, कारण त्यात यूपीएसची बॅटरी नापास झाली तर पावसापूर्वी नवी मागवायला तेवढेच दिवस हाताशी असतात.